अर्धा फेरा जास्त

यांची बोटं इतकी हळुवार आहेत, हे मला संसार सरत आल्यावर कळलं, आणि तेही एका जुन्या गाडीमुळे.

गॅरेजमध्ये यांनी तिचं इंजिन उघडलं होतं. एका हाताच्या चिमटीत बारीक सळई धरून हे ती वरखाली हलवून बघत होते आणि दुसऱ्या हाताने वरचा नट आवळत होते. सळईची हालचाल संपली की थांबायचे. मग मोजून अर्धा फेरा आणखी.

"अगं, एवढा दाब लागतोच," हे मला समजावत होते. "सैल राहिलं की टकटक वाजत बसतं. जास्त आवळलं तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही. आवाज करत नाही, पण जळतो."

म्हणजे यांना ठाऊक होतं तर! माझं गुणगुणणं थांबलं, तेव्हाच यांनी हात आवरायला हवा होता. पण यांनी लेकीचं हसणंही बंद केलं. पाहुणे म्हणतात, "तुमचं घर किती शांत!" हे खूश होऊन मान डोलावतात.

इतक्यात फोन वाजला. बोलून परत आले, आणि ज्या नटाला अर्धा फेरा देऊन झाला होता, त्यालाच यांनी पुन्हा अर्धा फेरा दिला. मी समोरच उभी होते.

"काही राहिलं नाही ना गं?" पान्हा पुसत यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता मुळीच वाजायची नाही."