दोन ठिपक्यांची ताटातूट

निळ्या पेशींवर लाल आणि हिरवे ठिपके चमकत होते. ताईच्या हातावर महिन्याभरात सुपारीएवढी झालेली गाठ आतून इतकी देखणी असेल, असं वाटलं नव्हतं. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली थेट कर्करोगासारखा दिसला, म्हणून डॉक्टरबाईंनी जनुकांची तपासणी केली आणि आम्हाला पडद्यासमोर बसवलं.

"एकाच जनुकाच्या दोन टोकांवरचे हे दोन ठिपके एरवी चिकटून असतात," त्या म्हणाल्या. "इथे ते दूर गेलेत. अशी ताटातूट या साध्या गाठीत होते. हा कर्करोग नाही, ताई. बहुतेक आपोआप विरेल."

चपलांचा जोड, कपबशी, लग्नातला फोटो. जोडीनं असलेलं काहीही पाहिलं की मला बरं वाटतं. त्या ठिपक्यांना मात्र मी मनातल्या मनात म्हणत होतो, अजून जरा लांब सरका.

रिक्षात बसल्यावर ताईनं इतके दिवस खाली ओढून ठेवलेली बाही वर सरकवली. गाठीवरून हळूच हात फिरवला आणि दारापर्यंत आलेल्या पाहुणीला सांगावं तसं म्हणाली, "जा हं आता, सावकाश."