पितळेचा धूर

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस गेले होते, म्हणून सासू मला पाण्याची घागरही उचलू देत नव्हती. पितळ वितळवायच्या भट्टीजवळ बसायला मात्र कुणी मनाई केली नाही. तिच्या धुरानं काय होतं, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

वारंगा फाट्यावर माझ्या नवऱ्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदीच्या अखेरीस जिकडंतिकडं बटणाचे फोन लागू लागले आणि जुने, अगदी निजामाच्या काळातलेही फोन भंगारात निघाले. हैदराबादचा एक व्यापारी ते आणून द्यायचा, दुरुस्त झाले की शौकिनांना विकायला घेऊन जायचा. बहुतेकांचा एकच भाग तुटलेला असायचा, कानाला लावायचा भोंगा टांगायचा पितळी आकडा. बाजारात तो मिळत नव्हता, म्हणून नवरा घरामागच्या पडवीत ओतायचा. चांगला आकडा चाळलेल्या मातीत दाबून साचा मी करायची. माझा हात हलका होता. मग तो पितळेचे जुने नळ मुशीच्या भांड्यात वितळवून रस साच्यात सोडायचा.

त्या दुपारी वारा पडला होता. भट्टीचा हातपंखा मी फिरवत होते. पितळ वितळेना म्हणून जोरात फिरवत राहिले. एकाएकी मुशीतून हिरवट ज्योत उठली, पाठोपाठ पांढरा धूर. थोड्याच वेळात पडवीभर पांढरे तंतू उडायला लागले, बोंडातून कापूस उडावा तसे. माझ्या केसांवर, पोटावरच्या पदरावर बसायला लागले. मला तर ते छानच वाटलं. ओतून होईपर्यंत आम्ही दोघंही तिथंच होतो.

संध्याकाळी भाकरी थापताना तोंडाला गोडसर चव आली, तांब्याचा पैसा जिभेवर ठेवल्यासारखी. आत गेले तर नवरा गोधडीत कुडकुडत होता.

"छाती आवळल्यावानी होऊन राहिली," तो म्हणाला.

त्याच्या कपाळावर ठेवलेला माझा हातच थरथरायला लागला. बघता बघता मलाही हुडहुडी भरली.

"दोघं एकदमच? काय खाल्लं तुमी?" सासूनं विचारलं.

"काही न्हाई. भट्टीचा धूर लय झाला आज," नवरा म्हणाला.

सासू माझ्या पोटाकडं बघत राहिली. "आन् हिला काहून बसवलं रे तिथं?"

त्यानं गोधडी तोंडावर ओढून घेतली. ते बघून मी जास्त घाबरले.

पोटातलं लेकरू रोज त्या वेळी हमखास हलायचं. मी कुशीवर वळले, पाणी प्याले, पोटावर बोटांनी हळूच टकटक केलं. दात वाजत होते, अंग उडत होतं. आत काही हललं की माझंच अंग थरथरलं, तेच कळेना.

सकाळी दोघांचाही ताप उतरला. मला वाटलं, लेकराचं जे वाईट व्हायचं ते होऊन गेलं. जीपनं हिंगोलीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पितळेतलं जस्त जळलं की असा ताप येतो आणि दिवसभरात उतरतो."

"लेकराला काही होणार न्हाई ना?"

"तसं वाटत नाही. पण खात्रीनं मी आज नाही सांगू शकत. आता त्या धुराजवळ जाऊ नका."

घरी आल्याबरोबर नवऱ्यानं पहारीनं भट्टी फोडली. उरलेले महिने मी भीतच काढले. लेकरू जास्त हललं तरी भ्यायची, कमी हललं तरी भ्यायची. ओटी भरताना बायका गाणी म्हणत होत्या आणि मला वाटत होतं, कुणीतरी यांना थांबवा.

मुलगी झाली. सासूनं तिला उलटसुलट करून पाहिलं. "समदं बराबर हाय," ती म्हणाली. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला.

माझी भीती मात्र गेली नाही. लेक उशिरा बोलायला लागली. मी तिच्या पाठीमागं ताट वाजवून बघायची. ती दर वेळी वळायची, तरी मला खरं वाटायचं नाही. पुढं ती इतकी बडबडायला लागली, की सासू कानांवर हात ठेवायची.

लेक शाळेत जायला लागली, त्या वर्षी नवऱ्यानं पुन्हा ओतकाम धरलं, गावाबाहेर, मोकळ्या शेतात. साचे मीच करून द्यायची. तो ओतायला गेला, की मी लेकीला घेऊन घरात बसायची, दार लावून.