राहीबाईच्या हातचं कोकम

नवी मुंबईतल्या करावे गावात लग्नाला भटजी उशिरा आले तर कोणी घाबरत नाही. धवलारीण उशिरा आली तर मात्र मांडव खोळंबतो, कारण हळदीपासूनचे सगळे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. राहीबाई भोईर चाळीस वर्षं ही गाणी म्हणते आहे. सकाळी ती मासळीची पाटी घेऊन आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत येते. मी साताऱ्याची, मांदेली साफ करायला तिनेच मला शिकवलं.

गेल्या एप्रिलमध्ये गावातल्या गोजराबाईंच्या मुलाची, रूपेशची हळद होती. राहीबाईने गाणी म्हटली आणि घरून पिंपभर कोकम सरबतही नेलं. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं ताप आणि जुलाबाने आडवी. नवरदेव सलाईनवर.

रूपेशचा काका नामदेव आणि राहीबाई यांच्यात सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून जुनं भांडण. त्याने पोलिसांत सांगितलं, "हा घातपात हाय. म्हातारीने मुद्दाम जंतू कालवलेत."

महापालिकेच्या माणसांनी सगळीकडून नमुने नेले. रुग्णांमध्ये साल्मोनेला नावाचा जंतू निघाला, आणि राहीबाईच्या अंगणातही साल्मोनेलाच. गावाला आणखी काय हवं? पुढच्या दोन लग्नांना धवलारीण दुसऱ्या गावाहून आणली.

"मी कशाला इख घालू, बाय?" ती माझ्या दारात बसून म्हणाली. "ती पोरं मी मांडीवर खेलवली हायेत. आता माजा गाना कोन ऐकनार?"

मी तिला पाणी दिलं. पण तिने मार्चमध्ये दिलेली कोकम आगळाची बाटली मी आदल्याच दिवशी सिंकमध्ये ओतली होती. हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

माझी मुलगी प्रियदर्शिनी रबाळ्याच्या एका लॅबमध्ये जंतूंचा डीएनए वाचते. ती घरी आली की मी तिचे कपडे वेगळे धुते. ती हसते, "आई, माझी लॅब तुझ्या किचनपेक्षा स्वच्छ आहे."

त्या आठवड्यात मी तिला विचारलं, "करावेचे नमुने तुझ्याकडेच आलेत का गं?"

"माझ्याकडे गाव येत नाही, आई. नुसते नंबर येतात. आणि आले असते तरी सांगितलं नसतं."

"पण दोन्हीकडे एकच जंतू सापडला, तर झालंच ना सिद्ध?"

"करावेत भोईर किती?"

"अर्धं गाव."

"मग एका भोईरने चोरी केली तर सगळ्यांना धरशील? साल्मोनेला हे आडनाव झालं. घराणं डीएनएत कळतं. अठ्ठेचाळीस लाख अक्षरं असतात, त्यात दोन-तीनच वेगळी निघाली तर सख्खे भाऊ. हजारो वेगळी असतील तर नुसते आडनावबंधू. कोणी मुद्दाम रोग पसरवला, तर जंतू कुठल्या बाटलीतून निघाला तेही असंच शोधतात."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. महापालिकेच्या डॉक्टर तो समाजमंदिरात वाचणार होत्या. "इंग्रजी बोलल्या तर मना समजव," म्हणून राहीबाई मला घेऊन गेली. पहिल्या रांगेत नामदेव बसला होता.

डॉक्टर मराठीतच बोलल्या. राहीबाईच्या अंगणातला जंतू तिच्या कोंबड्यांचा होता. रुग्णांच्या जंतूत आणि त्यात हजारो अक्षरांचा फरक. रुग्णांशी जुळला तो मांडवातल्या बर्फाच्या पेटीच्या तळातला जंतू, फक्त दोन अक्षरांचा फरक.

"ही पेटी कुठून आली?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना नामदेवकडे वळल्या. खाडीवरून मासळीची पेटी त्यानेच आणली होती. त्यातलाच बर्फ फोडून सरबताच्या पिंपात टाकला होता.

"बर्फ तो बर्फ!" तो पुटपुटला. "मासली काढून धुतलेला मी त्यो. आपल्याकडे हलदीला सगलेच तसा करतान."

खरंच सगळेच करत होते. मग राहीबाई उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे घातपात तूच केलास रे नामा! तोही सख्ख्या पुतन्यावर!"

समाजमंदिर हसायला लागलं. नामदेवही मान खाली घालून हसला. दुसऱ्या दिवशी त्याने पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतली. प्लॉटचं भांडण मात्र आहे तिथेच आहे.

काल गोजराबाई नारळ आणि लुगडं घेऊन राहीबाईकडे गेल्या. डिसेंबरात त्यांच्या लेकीचं, नमिताचं लग्न आहे. राहीबाईने नारळ लगेच घेतला नाही.

"येन मी. पन बर्फ कुठला ते मी सांगन."

"तू सांगशील तोच, मावशी."

तेव्हा तिने नारळ घेतला. आज सकाळी पाटी उतरवताना हे सगळं तिने मला साभिनय सांगितलं आणि पदराखालून आगळाची नवी बाटली काढली.

"पयली संपली असंल ना?"

"ओतली मी, राहीबाई," मी म्हटलं. "घाबरले होते."

तिने बाटलीचं बूच काढलं. मग म्हणाली, "पेला आन."

मी दोन पेले आणि पाण्याचा तांब्या आणला. बर्फ कोणीच मागितला नाही.