कच्ची मडकी वाजवणारी तज्ज्ञ

लग्न होऊन मी नेपरव्हिलला आले, तेव्हा तिथल्या काही वयस्कर अमेरिकन बायका परदेशातून नव्याने आलेल्या तरुण मुलींना सुधारण्यासाठी एक क्लब चालवायच्या. दर शनिवारी इंग्रजी, ड्रायव्हिंगचे नियम आणि आत्मविश्वास. आत्मविश्वासासाठी कुंभारकाम होतं. माझ्याकडे तो आधीच गरजेपेक्षा जास्त होता, पण तसं कुणी विचारलं नाही.

प्रमुख बाई म्हणाल्या, "तू भारतातली. मातीची भांडी तुझ्या रक्तातच असणार."

मी बी.कॉम. कुंभाराचं चाक पाहिलं होतं ते शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात. मी "हो" म्हणाले. वर विनयाने मानही खाली घातली.

त्यांनी लगेच मला प्रदर्शनासाठी मडकी निवडायला सांगितलं. फळीवर सात मडकी वाळत होती, अजून भट्टीत न गेलेली. आमची आई उन्हाळ्यात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची. मीही डोळे मिटून वाजवायला लागले. पहिली दोन नुसतीच बद्द वाजली. तिसऱ्यात माझं बोट आत गेलं.

ती घागर एका मेक्सिकन मुलीची होती. तिच्या सासूने बजावलं होतं, प्रदर्शनात काही दिसलं नाही तर शनिवारचं बाहेर जाणं बंद. सासूपासून तिची सुटका व्हायची ती तेवढीच. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलेलं.

मी बोट आतच ठेवून म्हणाले, "बरं झालं, आत्ताच कळलं. माती कमजोर होती."

"तज्ज्ञबाई, माझा बाप कुंभार आहे," ती म्हणाली. "मडकं भाजल्यावर वाजवतात."

"आमच्याकडे आधी वाजवतात."

"मग तुम्ही लोक पाणी कशातून पिता?"

मी बोट बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. रडलेही. माझं त्या वेळचं इंग्रजी पाहता ते रडणंच लोकांना जास्त कळलं असणार.

"पुरे," ती म्हणाली. "माती मळ."

मी मळली. तिने दोनदा परत केली, मातीत हवेचे बुडबुडे राहिले म्हणून. तिसऱ्यांदा घेतली आणि एका बैठकीत नवी घागर उभी केली, पहिलीपेक्षा देखणी.

प्रदर्शनाला सासू आली. घागरीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सुनेकडे पाहिलं, आणि प्रमुख बाईंना विचारलं, क्लबात नाव कुठे नोंदवायचं?

पुढच्या शनिवारी दोघी एकाच गाडीतून उतरल्या. सून माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "इतकी चांगली माती मळायला तुला कुणी सांगितलं होतं?"