शेप्याचं मूळ

देगलूरच्या जिलानीनं उभ्या हयातीत जे जे बांधलं, ते ते मोडलं. मोहरमचे ताबूत थंडे झाले, गणपतीमागचे हिमालय अकराव्या दिवशी गोदामात गेले, लग्नातले महाल तर दुसऱ्या सकाळी टेम्पोत. त्याची बायको रईसा म्हणायची, "तुमचं काम म्हंजे पाण्यावरच्या रेघा." तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. साठीला आला होता. आपल्या हातचं एकदा तरी काही जागेवर राहावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

रेणापूरजवळ एका मालिकेचं चित्रीकरण ठरलं, तेव्हा त्याला बोलावणं आलं. अण्णारावांच्या शेताचा एक पडीक तुकडा घेतला होता. त्यावर गावाचा चौक उभा करायचा होता. घरांना फक्त दर्शनी भिंती, चार फूट खोल आड आणि मधोमध मोठं झाड. कलाविभाग बघणाऱ्या ऋतुजानं मोबाइलवर झाडाचा फोटो दाखवला.

"फोटोवरून झाड होत न्हाई, मॅडम," जिलानी म्हणाला. "ज्याच्याखाली कुणी बसलेलं हाय, असं झाड लागतंय."

शेजारी तंबाखू मळत उभे असलेले अण्णाराव हळूच म्हणाले, "इथंच एक होतं."

तो गावरान आंबा होता. फळाला शेपूचा वास, म्हणून त्याचं नाव शेप्या. त्याच्या सावलीत सोयाबीन येत नाही, म्हणून चार वर्षांमागं अण्णारावांनी तो तोडला. तोही बायको केवळाबाई माहेरी अहमदपूरला गेली असताना. शहाणपण म्हणतात ते हेच. सोयाबीन तिथं नंतरही आलं नाही. केवळाबाई परतली, रिकामी जागा पाहिली आणि तशीच घराकडं वळली.

"बोलती, सैपाक करती," अण्णाराव म्हणाले. "पर शेतात पाय न्हाई. येळवसला बी न्हाई."

येळवसच्या अमावस्येला या भागात घरात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पाच दगडांची पूजा करायची, आंबील शिंपडायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. अण्णारावांची कोप शेप्याच्या मुळाला टेकून असायची, आणि पहिलं भांडंभर आंबील केवळाबाई त्या मुळावर ओतायची. चार वर्षं अण्णाराव एकटेच कोप करत होते आणि जेवणाचं कुणी विचारलं की भलतंच काही बोलत होते.

जिलानीनं तोच शेप्या करायचं ठरवलं. बांधावरच्या जुन्या आंब्यांच्या खोडांवर माती दाबून त्यानं सालीचे साचे घेतले. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट. अण्णाराव हवेत बोट फिरवून फांद्या सांगायचे, "आजून खाली. तिथं झोळी बांधायची ती." पहाटे धुक्यात जिलानी भुईवर उताणा पडून राहायचा. वर काहीच नसायचं, तरी त्याला फांद्या दिसायच्या. झाड आहेच, आपण नुसतं त्याला पांघरूण घालून राहिलोय, असं वाटायचं. एकदा डोळा लागला आणि शेपूचा वास आला. उठून पाहिलं, तर कुणाच्या तरी डब्यातली भाजी होती. तरी त्याला बरं वाटलं.

येळवसच्या दुसऱ्याच दिवशी चित्रीकरण होतं. मुळांना येळवसच्या सकाळीच रंग दिला होता, पाणी न लागू देणारा शेवटचा हात तेवढा राहिला होता. "चाचा, मुळाला कुणाचा हात लागू देऊ नका," असं बजावून ऋतुजा सगळ्यांना घेऊन शेजारच्या शेतात जेवायला गेली. जिलानी राखणीला बसला.

दुपारी डोक्यावर मडकं घेऊन केवळाबाई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गावातून कानावर आलं असणार. तिनं झाडाभोवती एक फेरी मारली. खालच्या फांदीकडं बघत उभी राहिली. सालीवर तळवा ठेवला. मग मडकं उतरवून वाकवलं, आयुष्यभर वाकवत आली होती तसं.

जिलानीचं तोंड उघडलं. थांबवावं, एवढं त्याला कळत होतं. पण चार वर्षांनी आलेल्या बाईला काय म्हणून थांबवायचं?

आंबील पडली आणि रंग सुटला. ओलं प्लास्टर ढासळलं, आतली जाळी दिसली आणि तपकिरी ओघळ तिच्या पायांशी आले.

"पीत न्हाई हे," केवळाबाई म्हणाली.

जिलानीला रडू यायच्या बेतात होतं. उद्याची काळजी होतीच, पण त्याहून जास्त हे लागलं की आपल्या झाडाला घोटभर आंबील गिळता आली नाही. "खोटं हाय, माय," तो म्हणाला.

तिनं पुन्हा खालच्या फांदीकडं पाहिलं. "हाव, खोटं हाय. पर फांदी बरुबर हाय." मग पदर खोचला. "शेण हाय का कुठं?"

काळी माती, शेण, कडब्याची कुट्टी. घरच्या भिंती सारवलेल्या हातांनी ती मूळ घडवू लागली. कोपीतून अण्णाराव पाणी घेऊन आले. "जरा पातळ करा," ती त्यांना म्हणाली. त्या शेतात नवराबायकोत चार वर्षांनी झालेलं ते पहिलं बोलणं. दिवस मावळेपर्यंत तिघंही मातीत होते.

सकाळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून ऋतुजानं विचारलं, "चाचा, हे मूळ कशाचं केलंत?"

"आम्ही न्हाई केलं. मायनं केलंय," जिलानी म्हणाला.

दीड महिन्यानं चौक मोडला. झाड तुकड्यातुकड्यानं ट्रकमध्ये चढलं. मूळ तेवढं राहिलं. माती कोण भरून नेणार?

पुढच्या येळवसला अण्णारावांचा फोन आला. जिलानी रईसाला घेऊन एसटीनं गेला. झाडाची जागा मोकळी होती. मूळ मात्र गुडघाभर उंच, नुकतंच लिंपलेलं. पावसाळाभर केवळाबाईनं ते कडब्यानं झाकून ठेवलं होतं. कोप त्यालाच टेकली होती. तिनं मडकं जिलानीच्या हातात दिलं. "तुमी घाला."

त्यानं ओतलं. माती काळी होत गेली, पण ओघळ काही आला नाही.

"पितंय," केवळाबाई म्हणाली.

रईसानं वाकून त्या ओल्या मातीला हात लावला, आणि रेघांचं काही बोलली नाही.