आत वळवलेला आरसा

शाळा सुटायच्या वेळेला सिग्नलपाशी माझ्या शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. तिचा डावा आरसा पार आत वळला होता. "आरसा फिरलाय तुमचा," मी चालवणाऱ्या गृहस्थांना म्हणाले. ते हसले. "मुद्दाम फिरवलाय. ही घरी काही बोलत नाही. इथे मागे बसली की सुरू होते."

मागे गणवेशातली आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती. बाईंनी आज तिचं चित्र भिंतीवर लावलंच नाही, असं ती वडिलांच्या पाठीला सांगत होती. ते मान न वळवता "मग?" एवढंच म्हणत होते आणि आरशात तिचा चेहरा बघत होते.

पाठीला सांगता येतं ते तोंडावर का सांगता येत नसेल? मी तर माझ्या निहारला दप्तर उतरवायच्या आत समोर उभं करून विचारते, "आज काय झालं शाळेत?" उत्तर ठरलेलं, "काही नाही." मला वाटायचं, पोरगा घुम्या आहे. माझी नजरच त्याला जड होत असेल का?

त्या संध्याकाळी मी काही विचारलं नाही. मटाराच्या शेंगा घेऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यानेही सोलायला घेतल्या. निम्मे दाणे तोंडातच जात होते. बऱ्याच वेळाने ताटाकडे बघतच तो म्हणाला, "आई, चार दिवस झाले, मला कुणी खेळायला घेत नाहीये."

चार दिवस. मान वर करायचा फार मोह झाला. मी हातातली शेंग सोलत राहिले आणि म्हणाले, "मग?"