पुढच्या माणसाचं नाक

आश्विनात लौटन थारूला अकरा दिवस ताप आला. ताप उतरल्यावर बाराव्या दिवशी त्याची बायको सोनकली हिने त्याच्यापुढे घोंगीचा वाडगा ठेवला. घोंगी म्हणजे आमच्या शेतातल्या गोगलगायी. त्या दिवशी त्या साफ करपल्या होत्या. घरभर इतका जळका वास सुटला होता की शेजारचं कुत्रं दारापर्यंत आलं आणि परत गेलं. लौटनने शिंपला ओठांना लावला, सुर्रकन ओढला आणि म्हणाला, "झकास झाल्यात."

सोनकली त्याच्याकडे बघत राहिली.

"डोळे मिटा जरा," ती म्हणाली.

"का गं?"

"मिटा म्हणते ना."

तिने कोनाड्यातली रॉकेलची बाटली काढली, बूच उघडून त्याच्या नाकाखाली धरली. लौटनने छाती भरून श्वास घेतला. तिने विचारलं,

"काय आहे?"

"काही नाही. काय आहे?"

तिने बाटली जागच्या जागी ठेवून दिली. 

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर बायकोने फार तर स्वयंपाकात काळजी घेणं सोडलं असतं. पण लौटन जंगलातला पुढचा माणूस होता. गेरुवा नदीच्या या काठावर पाहुण्यांना जंगल दाखवायचं ते पायी. दोन वाटाडे लागतात, एक पुढे, एक मागे, मध्ये पाहुणे. हातात बांबूची काठी, बाकी काही नाही. कार्तिकापासून माघापर्यंत गवत हत्तीच्या पाठीच्या वर जातं. त्यात पाच पावलांवर गेंडा उभा असला तरी दिसत नाही. तिथे डोळ्यांचा उपयोग शून्य. म्हणून पुढचा माणूस गवताच्या कडेला थांबतो, चिमूटभर माती सोडून वारा बघतो, हुंगतो, आणि रस्ता साफ असेल तर काठी वर करतो. काठी वर झाली की मागच्याने प्रश्न विचारायचा नाही. ती आमच्याकडची रीत आहे, आणि त्या रीतीवर लोक जिवंत राहतात.

सव्वीस वर्षं लौटन पुढे चालत होता. गेंडा येऊन गेलाय की अजून आत बसलाय, हे तो वासावरून सांगायचा. अस्वलाने वारूळ सकाळी फोडलं की काल रात्री, तेही सांगायचा. पाहुणे त्याचं नाव विचारत यायचे, आणि त्याला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे फारच आवडायचं. पाहुणे उतरायचे त्या लॉजच्या दारात उभा राहून तो मुद्दाम नाक वर करून म्हणायचा, "आज तुमच्या खोलीत साबण बदललाय." पाहुण्या पोरी हसायच्या.

त्याच्यामागे सव्वीस वर्षं एकच माणूस चालत आला होता, त्याचा मीत.

मीतचं नाव जोखू. पण लौटनच्या तोंडून ते नाव तीस वर्षांत निघालं नव्हतं. लहानपणी दोघं एकाच डबक्यात मासे धरायचे आणि एकमेकांना आईवरून शिव्या घालायचे. विशीत त्यांनी गावच्या देवथानावर कपडे बदलले, टिळे लावले आणि मीत झाले. त्या दिवसापासून अहोजाहो सुरू झालं. कालपर्यंत ज्याच्या पेकाटात लाथ घातली त्याला "मीत, तुम्ही जेवलात का?" असं विचारायचं. मीतच्या घरचं सुतक आपलं सुतक. आणि मीतचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की नातं मोडलं.

"मीतना सांगा," सोनकली म्हणाली. "आजच जाऊन सांगा."

"सांगेन."

"कधी?"

"माघीला."

माघ महिन्याचा पहिला दिवस म्हणजे आमचं नवं वर्ष. कुणी कुणाची जमीन कसायची, घरचा कारभार कुणी बघायचा, गुरं कुणी वळायची, हे सगळं माघीला बसून ठरतं आणि वर्षभर तसंच चालतं. मध्येच बदल करणारा माणूस घर मोडायला निघालाय असं समजतात. पुढे कोण आणि मागे कोण, हेसुद्धा त्या दोघांचं माघीलाच ठरलं होतं, आणि दर माघीला जांड, म्हणजे घरची तांदळाची दारू, पिताना पुन्हा ठरायचं. लौटनने मनाशी हिशेब मांडला. तीन महिने. माघीला मीतना सांगायचं की यंदा तुम्ही पुढे चला, माझे गुडघे दुखतात. पुढे माघातच गवत कापलं जाईल, मग डोळेही पुरतील. तोपर्यंत झाकली मूठ.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," सोनकली म्हणाली.

"तू कोंबड्याचं बघ. जंगलाचं मी बघतो."

कार्तिक पार पडला. लौटन आता सगळं डोळ्यांनी करू लागला. पहाटे एकटाच उठून पाणवठ्यांवर ठसे बघून यायचा. शेणाचा गोळा नाकाला न लावता बोटाने दाबून बघायचा. गवताच्या कडेला मात्र तो पूर्वीसारखाच थांबायचा, माती सोडायचा, नाकपुड्या फुगवून आवाज करत हवा आत ओढायचा. आत काहीच यायचं नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं वाटायचं. मग तो वानरांच्या इशाऱ्याच्या ओरडण्याकडे कान द्यायचा, मनात देवाचं नाव घ्यायचा आणि काठी वर करायचा. मागून मीतचा पाय लगेच उचललेला ऐकू यायचा. त्या आवाजाने पूर्वी त्याला धीर यायचा. आता तो मागे वळून बघायचं टाळायचा.

मार्गशीर्षात एकदा गेंडा वीस पावलांवरून फुसफुसत निघून गेला. त्या दिवशी लौटनच्या पाचावर धारण बसली होती, पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, वाटाड्याने मुद्दाम जवळून दाखवला. रात्री सोनकलीने ताटात भात वाढला आणि विचारलं, "आज काय झालं?"

"काही नाही."

"मग भात तसाच का?"

त्याने एक घास घेतला.

पौषात मास्तर माजावर आला. मास्तर म्हणजे एका दाताचा रानहत्ती. तो ठरल्या वेळी गावात शिरायचा आणि दिसेल त्याला झोडपायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. दोन आठवडे तो नदीपलीकडे होता. माघीला आठ दिवस उरले होते, घराघरात डुकरं धष्टपुष्ट होत होती, बायका ढिकरीच्या वाफवलेल्या वड्यांसाठी तांदूळ कुटत होत्या. लौटन दिवस मोजत होता.

त्या सकाळी डेन्मार्कचं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं. धुकं दाट होतं. निघताना मीतने नेहमीची सूचना दिली, "गेंडा आला तर झाडावर चढा. हत्ती आला तर मीत ज्या दिशेला पळतील तिकडे पळा, आणि जमलं तर त्यांच्या पुढे जा." बाई हसली. लौटन उतारावर जाऊन पाण्याजवळचे ठसे बघून आला. मास्तरचे पाय तिथे उमटले नव्हते. आदल्या संध्याकाळी तो कोसभर खाली नदी उतरून अलीकडे आला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

गवताच्या कडेला तो थांबला. चिमूटभर माती सोडली. माती त्याच्याच पायांवर आली, म्हणजे वारा गवतातून त्यांच्याकडे वाहत होता. असा वारा पुढच्या माणसाला सगळं सांगून टाकतो. लौटनने नाकपुड्या फुगवल्या, दोनदा हवा ओढली. काही नाही. वानरं गप्प होती, पण धुक्यात ती गप्पच असतात.

मागे मीतची काठी जमिनीवर एकदा आपटली. एक ठोका म्हणजे थांबा.

लौटन वळला. "काय झालं, मीत?"

मीत नाक वर करून उभा होता. त्याने लौटनकडे बघितलं आणि गमछ्याने नाक पुसलं. "काही नाही. सर्दी झालीय बहुतेक. तुम्ही बघा."

लौटनने पुन्हा गवताकडे तोंड केलं. त्या क्षणी तो म्हणू शकला असता, मीत, मला काही कळत नाही, तुम्ही पुढे या. शब्द जिभेवर होते. पण पाहुणे बघत होते, आणि माघी आठ दिवसांवर होती. त्याने काठी वर केली.

चाळीस-एक पावलं गेल्यावर डावीकडे, जरा मागे, गवत हलायचं थांबलं. वारा चालू होता, बाकी सगळीकडची पाती हलत होती, तेवढाच पट्टा स्थिर होता. लौटनला ते दिसलं आणि त्याच वेळी तो पट्टा फुटला. मास्तर त्यांच्या मागच्या बाजूने बाहेर आला, कान ताणून, गालावरून माजाचा काळा ओघळ वाहत असलेला.

"पळा!" लौटनने दोघांचे दंड धरले आणि नदीच्या दरडीकडे ओढलं. मागचा माणूस अशा वेळी मागेच थांबतो, तेच त्याचं काम. मीतने अंगातला कोट काढून हत्तीपुढे फेकला, काठी झाडाच्या खोडावर आपटत ओरडत राहिला. मास्तर कोटाला भुलला नाही.

दरडीखाली पाण्यात उभा असताना लौटनला मीतची किंकाळी ऐकू आली. एकच.

मीत वाचला. त्याचा उजवा पाय मोठ्या दवाखान्यात गुडघ्यावरून कापावा लागला. गावात लोक म्हणत होते, वेळ आली होती पण काळ आला नव्हता. लौटनला कुणी दोष दिला नाही. उलट दोन पाहुणे वाचवले म्हणून लॉजच्या मालकाने त्याला सगळ्यांपुढे हार घातला. वारा फिरला असेल, लोक म्हणाले. मास्तर लबाड आहे, लोक म्हणाले. लौटनच्या नाकावर कुणाचा संशय गेला नाही. त्याला हे सगळं सहन होत नव्हतं. हार त्याने वाटेतल्या विहिरीत टाकला.

माघीच्या आदल्या दिवशी मीत घरी आला. माघीला सकाळी आंघोळ करून लौटन ढिकरी आणि जांडचा गडू घेऊन निघाला. गावभर डुकराचं मटण शिजत होतं, पोरं वास घेत चुलीभोवती नाचत होती. लौटन त्या सगळ्यातून गेला आणि त्याला काहीच आलं नाही.

मीत अंगणात खाटेवर उन्हात बसला होता. पायावर रजई होती, एका बाजूला सपाट.

"या, मीत," तो म्हणाला. "यंदा पुढे कोण, ते ठरवायला आलात का?"

लौटन खाली बसला. गडू जमिनीवर ठेवला. मग त्याने सांगितलं. ताप, करपलेल्या घोंगी, रॉकेलची बाटली, कडेला उभं राहून खोटं हुंगणं. सगळं सांगितलं, वर न बघता.

मीतने आधी गडूकडे बघितलं.

"कडेला मी काठी आपटली होती," तो म्हणाला.

"आठवतं."

"मला वास आला होता. कुजलेल्या मोहफुलांसारखा. माजाचा वास, दुसरा कसला असतो?" त्याने रजईची कड सारखी केली. "मग तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला येत नव्हता. म्हटलं, यांना येत नाही आणि मला येतो, असं सव्वीस वर्षांत कधी झालंय? माझंच नाक फसवतंय. गेंड्याच्या दिवशीही असंच झालं होतं. तेव्हाही गप्प बसलो."

लौटनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कधीपासून?" मीतने विचारलं.

"आश्विनापासून."

"आणि सांगणार कधी होता?"

"आज. माघीला."

मीत हसला नाही, रागावलाही नाही. तो कुंपणापलीकडे नदीकडे बघत होता. आत त्याची बायको भांडी घासत होती.

"लौटन," तो म्हणाला, "घरी जा."

लौटन उठला. गडू आणि ढिकरी तिथेच राहिली. तो घरी पोचला तेव्हा सोनकली चुलीपुढे बसली होती. तिने मागे वळून विचारलं, "सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाले मीत?"

लौटन उंबऱ्यावर बसला.

"माझं नाव घेतलं," तो म्हणाला.